आमवाताच्या गोळ्या नियमित घेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, म्हणजे आमवाताच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. वयामुळे गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा आणि त्याची औषधंही वेगळी. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बोटांची पेरं, मनगटं, पायांचे चवडे सुजतात आणि सकाळी तास-तासभर हात आखडून राहतात. खाली दिलेले डोस साधारण आहेत. तुमचा डोस म्हणजे तुमच्या चिठ्ठीवर लिहिलेला.

"आते बरं वाटी ऱ्हायनं, मग गोया कसाले?"

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, सगळ्यांत जास्त गोळ्या याच प्रश्नापायी सुटतात. बरं वाटतंय ते गोळ्या चालू आहेत म्हणून. पण फसगत होते ती वेगळ्याच कारणाने. मेथोट्रेक्सेट किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही आमवाताची मूळ औषधं बंद केली की दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. या औषधांचा परिणाम हळूहळू चढतो आणि तसाच हळूहळू उतरतो. त्यामुळे पहिले काही आठवडे 'गोळीविना पण चालतंय की' असं वाटतं. मग कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी मूठ वळत नाही आणि दोष थंडीला दिला जातो.

दुखणं कमी-जास्त होणं हे सांध्याच्या आतल्या सुजेचं पक्कं माप नाही. दुखत नसतानाही सूज हाड कुरतडत राहू शकते, आणि एकदा कुरतडलेलं हाड किंवा वाकडं झालेलं बोट कोणत्याही गोळीने पूर्ववत होत नाही. गोळ्या कमी करता येतात, पण त्यासाठी आजार निदान सहा महिने शांत हवा. ते सुद्धा सांधे दाबून आणि ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या बघून डॉक्टर ठरवतील. कमी करताना बहुधा आधी स्टेरॉइड जातं, मूळ औषध सगळ्यात शेवटी.

महिना झाला, काहीच फरक नाही. औषध लागू पडत नाही का?

महिना फार लवकर झाला. मेथोट्रेक्सेटला ६ ते १२ आठवडे लागतात, सल्फासॅलाझिनलाही साधारण तेवढेच. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणखी संथ, २ ते ६ महिने. म्हणूनच सुरुवातीला सोबत थोडं स्टेरॉइड किंवा वेदनाशामक देतात, मधला काळ निभावून न्यायला. नेमक्या याच काळात लोक डॉक्टर बदलतात. नवीन डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात, आणि वर्षभरात चार दवाखाने होऊनही एकाही औषधाला पुरते तीन महिने मिळालेले नसतात.

दुखलं की दुखण्याची गोळी घेते, तेवढ्यावर भागणार नाही का?

नाही. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक या गोळ्या त्या दिवसाचं दुखणं दाबतात, आजाराची चाल थांबवत नाहीत. सांधा वाचवणारी औषधं वेगळी: मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि पुढच्या टप्प्यातली इंजेक्शनं. पैशाची ओढाताण असेल आणि काहीतरी सोडायचंच असेल, तर वेदनाशामक सोडा, ही सोडू नका. व्यवहारात मात्र बरोबर उलटं घडतं, कारण वेदनाशामकाचा गुण तासाभरात दिसतो.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच का? रोज घेतली तर लवकर बरं वाटेल?

रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आमवातात मेथोट्रेक्सेटचा डोस साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम असतो, आणि तो आठवड्याला. हे औषध पेशींमधल्या फॉलिक ॲसिडच्या वापराला अटकाव करतं. आठवड्यातून एकदा घेतलं तर शरीर मधल्या दिवसांत सावरतं. रोज घेतलं तर झपाट्याने वाढणाऱ्या पेशी आधी मरतात, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर, आतडी आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा. तोंड फुटतं, गिळवत नाही, ताप येतो, अंगावर जांभळे ठिपके उठतात, हिरड्यांतून रक्त येतं.

चूक कुठे होते ते नीट बघा. एक, चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' हे इंग्रजी आद्याक्षरांत 'ओडब्ल्यू' असं लिहिलेलं असतं आणि ते 'ओडी', म्हणजे रोज एकदा, असं वाचलं जातं. डॉक्टरांकडून वार मराठीत पूर्ण लिहून घ्या: 'फक्त रविवारी'. दोन, २.५ मिलिग्रॅमच्या ६ गोळ्या म्हणजे १५ मिलिग्रॅम. दुकानात २.५ ची स्ट्रिप संपली म्हणून १० ची दिली, आणि घरी सवयीने ६ गोळ्या घेतल्या, की झाले ६०. दर खेपेला स्ट्रिपवरचा मिलिग्रॅमचा आकडा जुन्या स्ट्रिपशी जुळवून पाहा. तीन, नावं. फॉलिट्रॅक्स हे मेथोट्रेक्सेट आहे आणि फॉलिक ॲसिड हे त्याच्यासोबतचं जीवनसत्त्व. कानाला दोन्ही सारखी आणि दोन्ही गोळ्या बहुधा पिवळ्याच. फॉलिकच्या जागी मेथोट्रेक्सेट रोज घेतली जाते ती अशी. दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. मेथोट्रेक्सेटच्या डब्यावर वार लिहा आणि त्या डब्याची जबाबदारी घरातल्या एकाच वाचता येणाऱ्या माणसाकडे द्या.

चुकून जास्त घेतली असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. स्ट्रिप घेऊन त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. ल्युकोव्होरिन नावाचा उतारा आहे, पण तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी.

गोळीच्या माहितीपत्रकात कॅन्सर लिहिलंय. मला कॅन्सर आहे का?

नाही. मेथोट्रेक्सेट हे एकच औषध दोन आजारांत देतात, पण अगदी वेगळ्या मापात. कॅन्सरमध्ये काही वेळा ते हजारो मिलिग्रॅममध्ये, शिरेतून देतात. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या पथकाने १९४० च्या दशकात फॉलिक ॲसिडवर काम केलं आणि त्याच कामातून त्याला विरोध करणारी ही औषधं निघाली. आमवातासाठी कमी डोसाच्या मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत १९८८ साली मान्यता मिळाली. इतक्या वर्षांचा वापर पाठीशी आहे. शिकलेला मुलगा मोबाइलवर वाचून आईच्या गोळ्या बंद करतो, तेव्हा त्याला हा डोसातला फरक दाखवा.

वार कोणता धरावा?

जो वार घरात कुणी विसरत नाही तो. गावच्या आठवडे बाजाराचा दिवस उत्तम. उपवासाचा वार टाळा. सोमवार किंवा गुरुवार धरत असाल तर दुसरा निवडा, कारण रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. ज्यांना दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं होतं त्यांनी असा वार धरावा की पुढच्या दिवशी शेतात जायचं नसेल. रात्री जेवणानंतर घेतली की मळमळीचा बराच भाग झोपेत निघून जातो. फॉलिक ॲसिड, बहुधा ५ मिलिग्रॅम, त्या दिवशी न घेता दुसऱ्या दिवशी किंवा डॉक्टर सांगतील त्या दिवशी.

डोस चुकला तर?

मेथोट्रेक्सेट: दोन दिवसांच्या आत आठवलं तर घ्या. त्यापेक्षा उशीर झाला तर तो आठवडा सोडा. पुढची गोळी नेहमीच्याच वारी, आणि दुप्पट कधीही नाही. रविवारची मंगळवारी घेतली तरी पुढची रविवारीच. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन: त्याच दिवशी आठवलं तर घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखं. दोन आठवड्यांनी घ्यायचं ॲडॅलिमुमॅबचं इंजेक्शन चुकलं तर आठवेल तेव्हा घ्या आणि पुढचं मूळ ठरलेल्या तारखेला. एखादा डोस चुकल्याने काही बिघडत नाही. 'आता चुकलंच आहे' म्हणून पुढचा महिना सुटतो, तिथे बिघडतं.

त्या गोळीचं नाव काढलं तरी मळमळतं. काय करावं?

हे नाटक नाही. काही महिन्यांनी मेंदूच त्या पिवळ्या रंगाशी मळमळ जोडून टाकतो. गुपचूप बंद करण्याआधी डॉक्टरांना हे पर्याय विचारा: त्याच दिवसाचा डोस दोन भागांत, १२ तासांच्या अंतराने, फॉलिक ॲसिड वाढवणं, किंवा तेच औषध कातडीखाली इंजेक्शनने. बऱ्याच जणांना इंजेक्शन पोटाला सोसतं. गोळी तोडू किंवा कुटू नका. घरात गरोदर बाई असेल तर तिने या गोळ्या हाताळू नयेत.

सहन न करता लगेच दाखवायच्या गोष्टी: नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला व धाप, तोंडात फोड, डोळे पिवळे होणं, कुठूनही रक्त येणं.

दर वेळी रक्त कशाला तपासायचं?

यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशी औषध सोसतायत का ते कळायला. पहिले तीन महिने दर २ ते ४ आठवड्यांनी, पुढे साधारण दर तीन महिन्यांनी. तालुक्याच्या लॅबमध्ये हिमोग्राम (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड) एवढं सांगितलं तरी काम भागतं. मोठं 'फुल बॉडी' पॅकेज घ्यायची गरज नाही. रक्त गोळी घेतल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत देऊ नका. त्या वेळी एसजीपीटी तात्पुरतं चढलेलं असू शकतं, आणि मग उगाच गोळी बंद होते. पुढच्या डोसाच्या आदल्या दिवशी दिलेलं बरं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी डोळ्यांचा पडदा सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासतात. मूत्रपिंड अधू असेल तर त्याआधीच. रोजचा डोस वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर नसावा. ४० किलोच्या बाईला रोज ४०० म्हणजे जास्तच झालं. वजन घटलं असेल तर सांगा.

उन्हाळ्यात गोळ्या 'गरम' पडतात, म्हणून चैत्र-वैशाखात बंद ठेवाव्या का?

उष्ण पडतात म्हणून बंद ठेवायला काही आधार नाही. पण भुसावळ-जळगावचा मे महिना म्हणजे ४५ अंशांची गोष्ट, आणि त्यात एक खरा धोका आहे. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. ऊन लागून, जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी आटलं की ते शरीरात साचतं. वरून डायक्लोफेनॅक घेतलं की आणखी. म्हणून जुलाब, उलट्या किंवा ताप असेल त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट थांबवा, डॉक्टरांना कळवा आणि बरं झाल्यावर ठरल्या वारी पुन्हा सुरू करा. तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा. कोट्रायमॉक्साझोल हे जुनं, स्वस्त अँटिबायोटिक त्याच्यासोबत रक्तपेशी धोकादायक पातळीवर उतरवू शकतं.

गोळ्या कुठे ठेवता तेही पाहा. पत्र्याच्या घरात कपाटाचा वरचा खण, मोटारसायकलची डिकी, चुलीशेजारची फळी या तिन्ही जागा वाईट. खाली, सावलीत, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा.

वांगं बंद करायला सांगतात. भरीत सोडलं तर गोळ्या कमी होतील?

होणार नाहीत. वांग्याने आमवात वाढतो याला भक्कम पुरावा नाही, आणि खान्देशातल्या माणसाला हिवाळाभर भरितापासून लांब ठेवायचं तर कारण तरी भक्कम हवं. एखाद्याला एखादा पदार्थ खरंच बाधत असेल तर त्याने तो टाळावा. अडचण पथ्याची नाही. वांगं, दही, चिंच सगळं सोडणारा माणूस 'आता एवढं पाळतोय' म्हणून गोळी सोडतो, ती अडचण आहे. तंबाखू आणि विडी सोडली तर मात्र आजाराला खरा फरक पडतो. ते कुणी पथ्यात धरत नाही.

वाताच्या पुड्यांनी दोन दिवसांत गुण आला. त्याच का घेऊ नयेत?

दोन दिवसांत गुण येतो हाच संशयाचा मुद्दा. बिननावाच्या पुड्यांत आणि काळ्या गोळ्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं अनेकदा सापडलं आहे. चेहरा गोल होणं, भूक वाढणं, साखर व रक्तदाब चढणं, कातडी पातळ होऊन सहज काळं-निळं पडणं या त्याच्या खुणा. पुडी बऱ्याच महिन्यांपासून चालू असेल तर एकदम थांबवू नका. डॉक्टरांकडे पुडी घेऊन जा. शिक्षित वैद्यांकडून नाव लिहिलेलं आयुर्वेदिक औषध घेत असाल तर तेही सांगा, लपवू नका.

स्टेरॉइड वाईट म्हणतात, मग ते आजच बंद करू?

तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस प्रेडनिसोलोन (वायसोलोन) घेतलं असेल तर अजिबात नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं तयार करायचं विसरतं. एकदम तोडलं तर चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं असा प्रसंग येतो. डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतील. तोवर सकाळी नाश्त्यानंतर.

मुलीचं लग्न ठरतंय. गोळ्या बंद करून टाकू का, सासरी कळायला नको?

हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो, आणि याच काळात बोटं वाकडी होतात. लपवण्यासाठी बंद करू नका, पण बदल करण्यासाठी डॉक्टरांना जरूर भेटा. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड गरोदरपणात चालत नाहीत. मेथोट्रेक्सेट बंद करून मूल होऊ देण्याआधी निदान एक ते तीन महिने जाऊ द्यावे लागतात. लेफ्लुनोमाइड शरीरात फार काळ राहतं, ते काढायला कोलेस्टायरामिन नावाची पावडर देतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि, फॉलिक ॲसिडसोबत, सल्फासॅलाझिन गरोदरपणातही चालू ठेवता येतात. म्हणजे 'गोळ्या की मूल' अशी निवड करायची वेळ नाही, आधीपासून आखणी हवी. पाळी चुकली तर मेथोट्रेक्सेट त्याच दिवशी थांबवा आणि फोन करा. पुरुषांनाही एक माहिती हवी: सल्फासॅलाझिनने शुक्राणू तात्पुरते घटतात आणि औषध थांबवल्यावर पूर्ववत होतात. त्याच गोळीने लघवी नारिंगी होते, त्यालाही घाबरू नका.

दारू?

मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइडवर नकोच. मोहाची असो की बाटलीतली, यकृताला सारखीच. सुटत नसेल तर खोटं बोलण्यापेक्षा किती घेता ते सांगा, औषध त्याप्रमाणे निवडता येतं.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी, नंतर ऊसतोडीला गुजरातेत. गोळ्या मध्येच संपतात.

निघायच्या आधी हिशेब करा. १२ आठवड्यांसाठी २.५ च्या सहा-सहा गोळ्या म्हणजे ७२, दहाच्या स्ट्रिपने ८ स्ट्रिपा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोज एक म्हणजे ८४. फॉलिक आठवड्याला एक म्हणजे १२. वर एका आठवड्याचा साठा जास्त. डॉक्टरांना 'तीन महिने बाहेर आहे' असं सांगून चिठ्ठीवर तेवढी संख्या लिहून घ्या आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. परगावच्या दुकानात 'वाताची पिवळी गोळी' मागू नका, फोटो दाखवा. खर्चाने गोळ्या सुटत असतील तर जनऔषधी केंद्रात त्याच घटकाची गोळी आहे का विचारा. ब्रँड बदलला तरी चालतो, मिलिग्रॅम बदललेलं चालत नाही.

माहेरी आलेल्या लेकीची गोळी सुटते ती बहुतेकदा डबा सासरी राहिला म्हणून. कपड्यांच्या पिशवीआधी डबा भरा.

बोटं आखडलेली, स्ट्रिप फुटतच नाही.

सकाळी उठल्या उठल्या प्रयत्न करू नका. हात कोमट पाण्यात दहा मिनिटं धरा किंवा गोळीची वेळ दुपारी न्या. आदल्या रात्री घरातल्या कुणाकडून वारांच्या कप्प्यांचा डबा भरून घ्या, पण मेथोट्रेक्सेट त्या डब्यात घालू नका, ती वेगळीच बरी. स्ट्रिप कात्रीने एकेक गोळीत कापली की नाव आणि मुदतीची तारीख निघून जाते.

गोळ्या चुकल्या हे डॉक्टरांना सांगितलं तर रागावतील.

रागावतील कदाचित. पण नाही सांगितलं तर त्यांना वाटेल की औषध फसलं, आणि ते डोस वाढवतील किंवा कितीतरी महागडं इंजेक्शन लिहितील, जे तुम्हाला लागणारच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजारांची औषधं सरासरी निम्मेच लोक नीट घेतात. तेव्हा तुम्ही काही एकटे नाही. 'नियमित घेतो' असं म्हणण्यापेक्षा 'गेल्या महिन्यातल्या चारपैकी दोन घेतल्या, मळमळीमुळे' असं सांगा. उरलेल्या स्ट्रिपा सोबत न्या. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी कारण सांगा: विसर, पैसा, त्रास की भीती. चारही कारणांवर इलाज वेगवेगळे आहेत.

नाशिकहून इंजेक्शन आणायचं, गावात वीज जाते. कसं सांभाळावं?

ॲडॅलिमुमॅबसारखी इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. फ्रिजच्या मधल्या खणात ठेवा, दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याला टेकून तर नकोच. एसटीने आणताना थर्मासच्या डब्यात बर्फाचे पॅक, त्यावर जाड फडकं, मग पेन, म्हणजे औषध भरलेलं इंजेक्शन. मूळ खोक्यातच ठेवा, उजेडही लागू नये. दोन-तीन तास वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, एवढं पुरतं. जास्त वेळ गेली तर पेन थंड डब्यात हलवा. माठाजवळचा गारवा या कामाला पुरा पडत नाही. २५ अंशांपर्यंत हे इंजेक्शन १४ दिवस टिकतं, पण एप्रिल-मेमध्ये आपल्या घरात २५ अंश कुठेच नसतात. लावायच्या अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा, गार इंजेक्शन झोंबतं. गोठलेलं पेन वितळल्यावर दिसायला पहिल्यासारखंच दिसतं, तरी ते वापरू नका.